अख्ख्या माळेची शिवराई

एका जुन्या गडाच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या जंगलात एक उंदीर राहत असे. मुलांनो, इतर उंदीर दाणे साठवतात. याला छंद होता नाण्यांचा, आणि तोही फक्त शिवराईचा. गडावरची माती पावसाने वाहून खाली आली, की तिच्यात ही जुनी तांब्याची नाणी सापडत. त्याच्याजवळ दीडशेच्या वर शिवराया होत्या, तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. शिवराईच्या कडेने ठिपक्यांची माळ असते. पण तांब्याची चकती ठशापेक्षा लहान पडल्यामुळे बहुतेक नाण्यांवर ती अर्धीमुर्धीच उमटते. जिची माळ अख्खी आहे, अशी एकही शिवराई त्याच्याकडे नव्हती.

शेजारच्या हिरड्याच्या झाडावर एक खार राहत असे. ती चिंचा आणून त्याच्या शिवराया घासून लख्ख करून देई. तिला नाण्यांतले काही कळत नसे. पण "ही बघ, हिच्यावरचा 'श्री' कसा ठसठशीत आहे!" असे उंदीर म्हणाला, की हातातले टाकून ती ते नाणे कौतुकाने बघे. त्या साली तिला तीन पिल्ले झाली. अजून डोळेही न उघडलेली ती पिल्ले तिने एकट्या उंदराला दाखवली. ढोलीच्या तोंडावर शेवाळ ओढून घेत ती म्हणाली, "दादा, ही जागा कुणाला ठाऊक नाही हं. तुझ्यापाशीच राहू दे."

जंगलात नाणी जमवणारे आणखी दोघे होते, एक मुंगूस आणि एक कावळा. उंबराखाली तिघे जमले की कुणाकडे किती, हाच एक विषय. "माझे ढब्बू पैसे साठ झाले," असे मुंगूस सांगे. "माझे रुपये अकराच, पण चांदीचे आहेत. तुझ्या तांब्याच्या ढिगाला कोण विचारतो?" असे म्हणून कावळा उंदराला डिवची. एके दिवशी कावळ्याने चोचीतून एक शिवराई खाली टाकली. उंदराने ती उलटूनपालटून पाहिली. दोन्ही बाजूंना माळ अख्खी होती!

"काय घेशील हिचे? माझ्या पन्नास घे. बरे, शंभर घे!"

"मला काय करायच्या तुझ्या शिवराया?" कावळा म्हणाला. "त्या खारीला पिल्ले झालीत म्हणे. कोणत्या झाडावर, तेवढे सांग."

मुंगूस मान वळवून दुसरीकडे पाहू लागले. कावळ्याने नाण्यावर पाय ठेवून ते आपल्याकडे ओढले, तेव्हा उंदराच्या तोंडून शब्द निघाला, "हिरड्यावर." ढोलीचे आपण काही बोललोच नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. मग नाणे तोंडात धरून तो बिळात पळाला आणि बाहेरचा आक्रोश ऐकू येऊ नये म्हणून बिळाचे तोंड मातीने बुजवून बसला.

काही दिवसांनी खार त्याच्याकडे आली. तिची शेपटी ओरबाडलेली होती, कानामागे चोचीची जखम होती. "गेली रे माझी पिल्ले, दादा," ती म्हणाली. "त्या झाडाकडे बघवत नाही. इथे बसते जरा. दे तुझी नाणी, घासते. हातांना काहीतरी चाळा हवा." उंदराने मुकाट्याने ढीग पुढे केला. घासता घासता ती शिवराई तिच्या हाती लागली. "अरे, हिची माळ अख्खी आहे! कुठे मिळाली?"

"गडावरून वाहून आली," उंदीर म्हणाला.

"चला, तुझे तरी मनासारखे झाले," असे म्हणून तिने ते नाणे आणखी जोराने घासायला घेतले.

तेवढ्यात वरच्या फांदीवर कावळा येऊन बसला. "काय रे उंदरा, आवडली ना शिवराई? माझ्याकडे अजून एक आहे. आता कुणाचे घर सांगतोस?"

खारीने हातातले नाणे खाली ठेवले. उंदीर घाईघाईने म्हणाला, "मी फक्त झाड सांगितले होते गं!" ती उठली आणि निघून गेली. त्यानंतर त्या जंगलात ती कुणाला दिसली नाही.

गोष्ट जंगलभर पसरायला वेळ लागला नाही. उंदीर दिसला की पाखरे पिल्लांवर पंख पसरू लागली, सशांनी आपली वाट बदलली. आता त्याच्या दाराशी एकटा कावळा तेवढा येतो, आणि "मित्रा, आहेस का घरात?" अशी हाक मारतो.

तात्पर्य : विश्वासाने सांगितलेले गुपित जो विकतो, त्याला पुढे गिऱ्हाईक भेटते, सोबती भेटत नाही.