राजाने राखलेली ठिकरीची घरे

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही ती ऐकूनच ठाऊक होती. एका राज्यात राजवाड्यासमोर काळ्या फरशीचा मोठा चौक होता, आणि तो चौक मुलांचा होता. तसे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. पण मुलांना विचारले असते, तर त्यांनी हेच सांगितले असते.

मुले टेकडीवरून पांढऱ्या खडूचे तुकडे आणत आणि सकाळपासून फरशीवर रेघोट्या ओढत. कुणी फरशीवर उताणे झोपे आणि दुसरा त्याच्याभोवती रेघ काढी. कुणी सोबत्याची सावली रेखून ठेवी आणि दुपारी ती जागेवर नाही म्हणून त्याच्याशीच भांडे. संध्याकाळी म्हातारा भिश्ती पखालीतले पाणी शिंपडून जाई, आणि फरशी पुन्हा काळीभोर होई.

या मुलांत कुंभाराची साळू होती. ठिकरीची घरे काढावीत तर तिनेच. बाकीचे सरळ आठ चौकोन काढून मोकळे होत. साळूची घरे खडूनेच काढलेल्या विहिरीला वळसा घालत, वाघाच्या गुहेतून जात आणि बाजारात संपत. गुहेत लंगडी घालताना डोळे मिटायचे, असा तिचा नियम होता. रोज सकाळी मुले तिच्या दाराशी येऊन ओरडत, "साळे, खडू घे!" आणि ती तोंडातला घास तसाच घेऊन पळे.

त्या राज्याची एक रीत होती. कुणाच्याही रांगोळीवर पाय द्यायचा नाही. दारापुढे रांगोळी असली, तर राजाचा घोडासुद्धा वळसा घालून जाई. रीत चांगलीच होती, पण पुढे तिनेच घोळ घातला.

एकदा राजा सज्जात आला आणि त्याला साळूची घरे दिसली. राजा मनाने फार चांगला. तो धावतच खाली आला.

"काय सुंदर रांगोळी! आणि हिच्यावर मुलं नाचतायत?" तो कळवळून म्हणाला. "आजपासून हिच्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही. पाणी शिंपडायचं नाही. पहारा बसवा!"

चौकाच्या चार बाजूंना चार खांब उभे राहिले. दोरखंड बांधले गेले. एक पहारेकरी भाला घेऊन वाघाच्या गुहेची राखण करू लागला. साळूला राजाने रेशमी खण दिला. आईने तो साऱ्या आळीला दाखवला. साळूलाही त्या दिवशी आभाळ ठेंगणे झाले होते, खोटे कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दाराशी कुणी ओरडले नाही.

साळू धावत चौकात गेली. मुले दोरखंडाबाहेर उभी होती. गोदी तिची जिवाची मैत्रीण. तीही तोंड फिरवून म्हणाली, "तुझ्या रांगोळीपायी आमचा चौक गेला. आता जप तिला."

मुले गावाबाहेर निघून गेली. तिथे सगळी मातीच होती, खडू उमटेना. मुले नुसतीच बसून राहत, पण साळूला कुणी बोलवेना. आठ दिवस गेले. ती खण पेटीत टाकून ओसरीवर बसे आणि बापाच्या चाकाकडे बघत राही. आठ वर्षांच्या पोरीने आणखी काय करावे?

इकडे घरांवर धूळ बसली. कबुतरांनी बाजार घाण केला. राजाने साळूला बोलावणे धाडले. ती आल्याचे कळताच मुलेही लांबून येऊन बघत राहिली.

"पोरी, रेघा फिकट झाल्यात. पुन्हा गिरव बरं," राजा म्हणाला.

साळू दोरखंडाखालून आत गेली. तिने खडू हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. परकराच्या ओच्यातून खापराची ठिकरी काढली, पहिल्या घरात टाकली, आणि एक पाय उचलून तिने लंगडी घातली.

पहारेकऱ्याने भाला उचलला, पण आता काय करावे ते त्याला सुचेना.

"अगं, अगं! पुसून जाईल ना!" राजा ओरडला.

"पुसू दे, महाराज!" साळू थांबली. "ही रांगोळी नाही. ही ठिकरीची घरं आहेत. मी काढते आणि सगळे खेळतात. खेळून पुसली, की उद्या मला परत बोलवायला येतात. तुम्ही पुसू दिलं नाही, तर मला कुणी बोलवेचना!"

आणि ती रडू लागली.

ज्या पोरीचे कौतुक केले, तिचेच सवंगडी आपण हिरावले, हे राजाच्या ध्यानात आले आणि त्याला फार वाईट वाटले. त्याने जोडे काढले, शेला कमरेला खोचला आणि स्वतःच्या हाताने दोरखंड सोडला.

"मला शिकव," तो म्हणाला.

राजा लंगडी घालत विहिरीपर्यंत गेला. गुहेत त्याने नियमाप्रमाणे डोळे मिटले आणि त्याचा पाय रेघेवर पडला.

"बाद!" पहारेकरी ओरडला आणि त्याने जीभ चावली.

लांब उभ्या मुलांना हसू आवरेना. सगळ्यांत आधी गोदी धावत आली. मग सारीच आली. दिवे लागायच्या आत विहीर, गुहा, बाजार, सगळे पावलांखाली पुसून गेले. राजाला थोडी चुटपुट लागली. तरी त्यानेच भिश्तीला हाक मारली, "काका, शिंपडा पाणी."

दुसऱ्या दिवशी साळू भाकरी खात होती. पहिला घास तोंडात होता, तेवढ्यात दाराशी गलका झाला.

"साळे, खडू घे!"

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढे ध्यानात ठेवा: खेळ जपायचा तो खेळून, त्याला दोरखंड बांधून नव्हे.