पट्टीवरचं नाव

“नाव मोठं केलं यात माझं चुकलं काय, चाचा?”

रेवणसिद्ध हे विचारतच दुकानात शिरला. हमीदचाचा मशिनला तेल देत होते.

रेवण सोलापुरातल्या याच दुकानात शिवणकाम शिकला. पोराचा हात चांगला आहे, असं चाचाच चारचौघांत सांगायचे. ते ऐकून ऐकून पोराची मानही जरा ताठ झाली, ते वेगळं. दिवाळीपासून त्यानं स्वतःचं दुकान थाटलं होतं.

“बस की आधी.”

“बसायला वेळ कुठाय? उद्या गड्डमशेठच्या दुकानात शर्ट द्यायचेत. माझा पहिला माल. शेठ म्हणतात, कॉलरला तुझं नाव धड वाचता आलं तर ठेवू. नाहीतर आमचं लेबल लावू.”

त्यानं एक शर्ट पुढं केला. कॉलरच्या आत रेशमी पट्टी शिवलेली. तिच्यावर विणलेलं नाव चाचांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“हा वणसि कोण?”

“थट्टा नको चाचा. लेबलवाल्यानं घोळ केलाय.”

“तू काय सांगितलं होतंस त्याला?”

“म्हटलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत नाव पाहिजे. कोरं काही सोडायचं नाही. तो विचारत होता, शिलाईत मुडपायला दोन्हीकडं थोडी कोरी माया ठेवू का. मी म्हटलं, मला शिकवू नको, मी हमीदचाचांच्या हाताखाली शिकलोय.”

“माझं नाव सांगितलंस?”

“सांगितलं की.”

“अरेरे...”

रेवण स्टुलावर टेकला.

“कडा मुडपल्या की इकडं ‘रे’ आत जातो, तिकडं ‘द्ध’. न मुडपता शिवलं तर एका धुण्यात दोरे सुटतात. सगळं नाव दिसेल असं कसं शिवू, तेवढं सांगा.”

“न शिवलेली पट्टी आहे?”

रेवणनं खिशातून काढली.

“दारात उभा राहा. उजेडात. दोन्ही हातांनी ताणून धर, मला वाचू दे.”

रेवणनं धरली. चाचांनी डोळे बारीक केले.

“वणसि.”

रेवणनं खाली पाहिलं. दोन्ही अंगठे नावावर होते.

“अंगठे काढ की.”

त्यानं अंगठे थोडे सरकवले. नुसत्या नखांनी धरून पाहिलं.

“पूर्ण काढ.”

“पण चाचा...”

“काढ.”

त्यानं काढले. पट्टी पंख्याच्या वाऱ्यानं गिरकी घेत गेली आणि मशिनच्या पायडलखाली उताणी पडली.

“हां,” चाचा म्हणाले. “आता सगळं दिसतंय.”

रेवण गुडघ्यावर बसून पट्टी काढू लागला. तिला तेल लागलं होतं.

“बाहीला माया सोडतोस?”

“सोडतो.”

“बगलेला?”

“सोडतो की. तुम्हीच तर...”

त्यानं अंगठ्यानं पट्टीवरचं तेल पुसलं.

मग म्हणाला, “या खेपेला शेठचंच लेबल लागू दे.”

चाचांनी गल्ल्यातून दोन लहान कात्र्या काढल्या. एक त्याला दिली, एक स्वतः घेतली.

रेवणनं शर्टांचं गाठोडं आत आणलं. दोघं वणसि उसवत बसले. कापडाला धक्का न लावता एकेक टाका.

“चाचा...”

“हं.”

“नव्या पट्ट्यांना कडेला किती माया ठेवायला सांगू?”

चाचांनी करंगळी वर केली. तिचं नख दाखवलं.

“एवढीशी?”

“एवढीशी.”

रेवण त्या नखाकडं बघत राहिला...

चाचांनी दोरा तोडला, पुढचा शर्ट मांडीवर ओढला.

“धरणाऱ्याला फार जागा लागत नाही, रेवण.”