येसूने शिकलेला चिनी शब्द

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका गावात येसू नावाची बाई काथ्याचे दोर वळायची. एकदा वादळात डोलकाठी मोडलेले चिनी जहाज तिथल्या बंदराला लागले. दुरुस्तीला दोर हवे होते, म्हणून येसूचे जहाजावर रोज जाणे-येणे सुरू झाले.

जहाजावर शिडे शिवणारा एक म्हातारा होता. तो खुणा करून रोज नवे चिनी शब्द सांगे आणि येसू ते दिवसभर घोकत बसे. लहानाला 'श्याव', मनाला 'शिन'. महिन्याभरात तिला शंभर शब्द आले. आपल्याला चिनी येते, असे ती हरखून गावभर सांगू लागली.

एके दिवशी दोराचे भेंडोळे डोक्यावर घेऊन ती फळीवरून जहाजावर चढत होती. म्हातारा वरून ओरडला, "श्याव-शिन! श्याव-शिन!"

येसूने झटकन अर्थ लावला. लहान आणि मन. म्हणजे हा चारचौघांत मला कोत्या मनाची म्हणतो! ती रागाने तरातरा पुढे निघाली, आणि फळीवर सांडलेल्या तेलावरून पाय घसरून थेट पाण्यात पडली.

म्हाताऱ्यानेच उडी मारून तिला बाहेर काढले. तडक घरी निघून जावे, असे तिला वाटले. पण राग गिळून तिने विचारले, "बाबा, मी कोत्या मनाची आहे का? असं का म्हणालात?"

म्हाताऱ्याला एव्हाना थोडे मराठी कळत होते. तो आधी गोंधळला. मग त्याने गरम पेजेने काठोकाठ भरलेला वाडगा तिच्या हाती दिला आणि चालायला सांगितले. ती बेताने पाऊल टाकू लागली, तसा तो हळूच म्हणाला, "श्याव-शिन."

"जपून! म्हणजे जपून!" येसूला इतका आनंद झाला की अर्धी पेज हातावर सांडली.

त्या दिवशी ती जहाजभर कान देऊन फिरली. सुरीला धार लावणाऱ्याला, शिडी चढणाऱ्याला, सगळे हेच सांगत होते आणि कोणालाच राग येत नव्हता.

चौथ्या दिवशी नवी डोलकाठी उभी करताना एक जुना दोर करकरत तुटू लागला. खाली म्हातारा पाठ करून शीड शिवत होता.

"श्याव-शिन!" येसू जिवाच्या आकांताने ओरडली.

मागे वळूनही न पाहता तो बाजूला झाला. तो बसला होता तिथेच डोलकाठी धाडकन आदळली.

म्हातारा उठला आणि येसूचे दोन्ही हात धरून मराठीत म्हणाला, "आज तुला चिनी आलं."

तात्पर्य एवढेच: शब्द नुसता पाठ करू नये, माणसे तो कधी आणि कशासाठी वापरतात ते पाहावे; आणि कुणाचे बोलणे मनाला लागले, तर रुसण्याआधी विचारावे.