सकवारबाईचा हेवा

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या तलावाची पाळ नुसती मातीची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका अंगाला झुडपी माळ, तिथं तितर आणि टिटव्या. दुसऱ्या अंगाला आपोआप उगवणाऱ्या देवधानाचं उथळ पाणी, तिथं बदकं. आणि मधे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. त्यातल्या लागून असलेल्या दोन बांध्या सकवार आणि भागरता या जावांच्या.

सारसांची जोडी दरसाल घरटं करायची ते धाकट्या भागरताच्याच बांधीत. ज्याच्या धानात सारस, त्याच्या घरी बरकत, असं लोक मानत. थोरल्या सकवारच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाणी तेच, माती तीच, मग माझ्याच बांधीत काय काटे आहेत? सारसांची नुसती हाक ऐकली तरी तिला घास गोड लागेना.

एका साली तिनं आपल्या बांधीत गवताचा ढीग रचला. भर दुपारी जोडी जराशी लांब गेलेली पाहून तिनं दोन्ही अंडी पदरात घातली आणि ढिगावर आणून ठेवली. अंड्यांमागून सारस येतील, असं तिला वाटलं. सारस आले नाहीत. रिकाम्या घरट्याभोवती फिरत आक्रोश करू लागले. सकवार घाबरली. अंडी परत ठेवायला निघाली, तोच वरच्या बाजूचा मातीचा धुरा पाण्याच्या जोरानं फुटला आणि ते घरटं वाहून गेलं.

मग अंडी पोटाशी धरून ती स्वतःच ढिगावर बसली.

भागरता धावत आली. “काहून केलं वं बाई असं?”

“तुह्याच वावरात येतेत ते. मी जळली वं,” सकवार रडत म्हणाली.

भागरतानं पोटभर शिव्या दिल्या, आणि संध्याकाळी पेज घेऊन आली.

असं म्हणतात, सकवार महिनाभर उठली नाही. कमरेपर्यंत पाणी चढलं, अंगावर शेवाळ धरलं, पायांभोवती धानाची मुळं गुंडाळली. असं म्हणतात, शेवटी सारस येऊन तिच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि त्यांनी पंखांची सावली धरली. एकतिसाव्या दिवशी पिल्लं निघाली, आणि आईबापांमागे थेट भागरताच्या बांधीत गेली. खोटं कशाला सांगू, सकवार तेव्हाही जळली. पण तिनं ते मोठ्यानं बोलून दाखवलं, आणि मगच डोळे मिटले.

आजही इथं कुणा बाईच्या बांधीत सारसाचं घरटं दिसलं, की ती बाई आधी शेजारणीला बोलावते. शेजारीण धुऱ्यावर उभी राहून सकवारबाईचं नाव घेते आणि म्हणते, “मी जळली वं.” मग दोघी मिळून घरटं राखतात. ‘मले कायचा हेवा?’ म्हणणारीला मात्र पिल्लं निघेपर्यंत कुणी धुऱ्यावर पाऊल ठेवू देत नाही.