कोपऱ्यातला आकडा

“चाचा, सेकंदाला दोनशे चित्रं काढतंय माझं मशीन. दोनशे! मग पडद्यावर चित्र फाटतं कसं?”

हेमांगीने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. दस्तगीरचाचा अजून चष्माच पुसत होते.

“फाटतं?”

“म्हणजे ट्रकचा वरचा भाग पुढं, चाकं मागं. मधोमध आडवी चीर. वळणावर तर एकाचे दोन रस्ते दिसतात.”

“मग तू कुठल्या रस्त्यानं जातेस?”

“दरीत!”

चाचा खो खो हसले. हेमांगी हसली नाही.

मी शेजारच्या स्टुलावर बसून होतो. ‘उद्या या, उद्या या’ करत माझा प्रिंटर आठ दिवस त्या दुकानात मुक्कामाला होता. तोही बिघडलेला, मीही रिकामा. म्हणून ही गोष्ट मला सांगता येते.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत चाचांचं दुकान आहे. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. चाचांनी तीस वर्षं जत्रेजत्रेतून तंबूत सिनेमा दाखवला. तंबू बंद पडले तेव्हा पन्नाशीत कॉम्प्युटरची दुरुस्ती शिकले. फार बोलत नाहीत. गिऱ्हाईक मात्र फार बोलतं.

हेमांगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मशीन तिने स्वतः, एकेक स्क्रू पिळून जोडलेलं. ती दुरुस्तीला आली नव्हतीच मुळी. आपलं काही चुकलेलं नाही, एवढं कुणीतरी म्हणावं म्हणून आली होती.

“चित्रं काढणारं कार्ड नवं घातलं. केबल बदलली. आधी दीडशे यायची, आता दोनशे येतात. आणि चीर वाढलीच की हो!”

“घाई कसली आहे?”

“तीन वाजता फायनल आहे, चाचा.”

टाउन हॉलमध्ये ट्रकच्या शर्यतीच्या गेमची स्पर्धा होती. चौघांचा संघ, ज्याने त्याने आपापलं मशीन पडद्यासकट आणायचं, आणि शेवटची फेरी हेमांगीची. सेमीफायनलला ती दोनदा दरीत गेली. संघ कसाबसा वाचला. कॅप्टनने तोंडावर सांगितलं होतं, तीनपर्यंत चित्र सरळ झालं नाही तर शेवटची फेरी दुसऱ्याला.

“वर्षभर त्या एका फेरीसाठी घासलीय मी...” ती म्हणाली.

चाचांनी चष्मा नाकावर चढवला.

“चालू कर.”

मशीन चालू झालं. आतला पंखा असा घोंगावायला लागला की मी पाय वर घेतले. पडद्यावर घाट आला, ट्रक आला, आणि पहिल्याच वळणावर ट्रकचे दोन तुकडे झाले.

“कोपऱ्यात ते हिरवं काय?”

“तोच आकडा! दोनशे चार... दोनशे अकरा...” तिचा चेहरा क्षणभर खुलला. “आणि हे बघा, एकशे तीस. असा खाली आपटला की ट्रक झटके खातो.”

“तू रस्ता बघतेस का आकडा?”

“दोन्ही.”

“बरं. हा पडदा सेकंदाला किती चित्रं दाखवतो?”

“पंच्याहत्तर.”

चाचांनी कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

“पण जास्त दिली तर बिघडलं कुठं, चाचा? त्याला हवी तेवढी घेऊ दे की!”

चाचा उठले, फळीवरून एक काळं, जड यंत्र दोन्ही हातांनी खाली काढलं आणि फडक्याने त्याच्यावरची धूळ माझ्या अंगावर झटकली. तंबूतलं हाताने फिरवायचं सिनेमायंत्र होतं ते. आत वीतभर फितीचा एक फेरा अडकवलेला. अंधारासाठी दुकानाचं दार लोटलं, यंत्रातला दिवा लावला आणि दांडा हेमांगीच्या हाती दिला.

तिने दांडा फिरवला. भिंतीवर एक बाई झोका घेऊ लागली. पुढे, मागे, पुढे. पदर उडत होता.

“किती गोड!” हेमांगी म्हणाली.

चाचांनी भिंगासमोर गरगर फिरणाऱ्या पात्याकडे बोट दाखवलं.

“हे काय करतं?”

तिने वाकून पाहिलं. इंजिनिअरच ती, लगेच कळलं तिला. “उजेड अडवतं. प्रत्येक चित्रामागं एकदा.”

“चांगलं का वाईट?”

“वाईटच! एवढा दिवा लावायचा आणि निम्मा उजेड अडवायचा?”

“मग काढून टाक.”

तिने खिशातून स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर काढला. पातं निघालं. भिंत लख्ख उजळली.

“बघा!” म्हणत तिने दांडा फिरवला.

बाईच्या डोक्यापासून पायापर्यंत पांढरे फराटे ओढले गेले. झोका गेला, पदर गेला, तोंड कुठलं आणि पाय कुठले काही कळेना.

“अरे देवा! हेही फाटलं!”

ती दांडा हळू फिरवू लागली, मग आणखी हळू. फितीला नाक लावून बसली. मी काही बोलणार होतो, चाचांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

“फीत सरकताना... तेही दिसतंय,” ती पुटपुटली. “एक चित्र जातंय, दुसरं येतंय, आणि दोन्ही एकदम...”

तिने पातं पुन्हा बसवलं. बाई परत झोक्यावर आली, अख्खीच्या अख्खी.

“म्हणजे चित्र बदलायचं ते अंधारात?”

चाचांनी यंत्राचा दिवा मालवला.

“म्हणजे तंबूत आम्ही निम्मा वेळ अंधारच बघत होतो?” मला राहवलं नाही.

“टाळ्या मात्र पुऱ्या पडायच्या,” चाचा म्हणाले.

“माझं मशीन एक चित्र दाखवून व्हायच्या आतच दुसरं घुसवतंय!” म्हणत हेमांगी खुर्चीवर जाऊन बसली. गेमची सेटिंग उघडली. पडदा मोकळा होईपर्यंत पुढचं चित्र थांबवायची सोय तिथे आधीपासून होती. तिनेच ती पहिल्या दिवशी बंद केली होती, आकडा कमी दिसतो म्हणून. ती सुरू केली. मग सेकंदाला किती चित्रं काढायची, त्याला वरची मर्यादा घालायची होती. तिथे तिचं बोट अडलं.

“पंच्याहत्तर लिहू? कॅप्टनचं एकशे ऐंशी दाखवतं, चाचा. सगळे हसतील.”

चाचा पुन्हा चष्मा पुसायला लागले.

“बरं, बरं. लिहिते.”

तिने लिहिलं.

घोंगावणारा पंखा हळूहळू गप्प झाला. रस्त्यावरच्या केळीवाल्याचा आवाज आत ऐकू येऊ लागला. ट्रक घाटाला लागला. पहिलं वळण. दुसरं. ज्या वळणावर ती दरीत गेली होती ते तिसरं आलं आणि ट्रक अख्खा, टपापासून चाकापर्यंत एक होऊन, लोण्यातून सुरी जावी तसा निघून गेला.

“अगं बाई गं!” ती खुर्चीतून उडालीच. “चाचा, एकच रस्ता आहे! एकच!”

“पहिल्यापासून एकच होता.”

ती हसत सुटली. डोळे पुसत होती आणि हसत होती. मलाही उगाच हसू फुटलं. माझा प्रिंटर तसाच पडला होता, पण ते जाऊ दे.

तिने वायरी गुंडाळता गुंडाळता विचारलं, “कोपऱ्यातला आकडा लपवून टाकू का? पंच्याहत्तर बघून जीव कसनुसा होतो.”

“असू दे तिथंच.”

“पण मशीन झालं ना दुरुस्त?”

“निम्मं.”

“निम्मं? आता काय राहिलं?”

“तू परत आलीस की बघू. पळ, दोन वाजून गेले.”

ती रिक्षात मशीन मांडीवर घेऊन गेली, तान्ह्या पोराला धरावं तशी.

पाच वाजता परत आली ती पळतच. केस विस्कटलेले, हातात मिठाईचा, कुंद्याचा डबा. दुकानात शिरायच्या आधीच ओरडली, “पहिले आलो! चाचा, आम्ही पहिले आलो!”

चाचांच्या तोंडात कुंदा कोंबला, माझ्याही तोंडात कोंबला. मग टेबलाशी उभी राहून तिने अख्खी फेरी सांगितली. तिसऱ्या वळणावर समोरचा ट्रक कसा डावीकडे झुकला, पावसाने ओला झालेला रस्ता कसा चमकत होता, कठड्यावर एक माकड बसलेलं होतं तेसुद्धा तिला दिसलं.

“माकड! वर्षभर खेळतेय, ते माकड कधी बघितलंच नव्हतं मी!”

चाचांनी कुंदा सावकाश गिळला.

“कोपऱ्यातला आकडा किती होता गं?”

हेमांगीने तोंड उघडलं.

“तो...”

मिटलं. पुन्हा उघडलं. आठवून पाहिलं. मग तिचे कान लाल झाले आणि ती जोरजोरात हसायला लागली.

“बघायचाच राहिला, चाचा!”

चाचांनी हात पुसले आणि स्क्रू ड्रायव्हर उचलून माझ्या प्रिंटरकडे वळले.

“आता झालं मशीन दुरुस्त.”