शेवरीच्या गव्हाणीत उरलेलं

"उरलं किती?" अप्पांनी विचारलं.

रात्रभर मला याच प्रश्नाने झोपू दिलं नव्हतं. फक्त माझ्या डोक्यात गव्हाण नव्हती, वाटी होती. माझ्या लेकीने, जुईने, रात्रीचा भात पुन्हा अर्धा ठेवला होता.

अप्पा गव्हाणीचंच विचारत होते. मी शेवरी कालवडीपुढची पाटी उचलून दाखवली. आंबोण, पेंड-भरड्याचं भिजवलेलं खाणं, तळाशी पसरलेलं. कालही उरलं होतं, परवाही.

अप्पा म्हणजे उदगीरच्या अलीकडच्या आमच्या मठाचे स्वामी. मठाच्या गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच देवणी जातीची जनावरं. यंदा विश्वस्तांनी टूम काढली की संकरित आणा, लवकर वाढतात. अप्पा म्हणाले, आधी समोरासमोर बांधून बघू. मी पशुआहार शिकलेली, गावातच राहणारी, आणि अप्पांना नाही म्हणता न येणारी. काम माझ्याकडे आलं.

एका बाजूला देवणी कालवडी. दुसऱ्या बाजूला देवणी आई आणि परदेशी होल्स्टीन बाप यांच्या संकरित. प्रत्येकीला तोलून खायला घालायचं आणि सकाळी उरलेलं पुन्हा तोलायचं. म्हणजे पोटात गेलं किती आणि त्यातून अंगावर चढलं किती, ते कळतं.

जुई माझ्याबरोबरच असायची. साडेतीन वर्षांची, हाडापेराने चिमणी. नणंदेचा मुलगा तिच्याहून लहान, पण त्याचे उतरलेले कपडे जुईला सैल होतात. दोन डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. दोघंही म्हणाले, तिच्या चणीप्रमाणे छान वाढतेय, सहा महिन्यांनी आणा. दुसऱ्यांनी तर केवळ माझ्या समाधानासाठी रक्तही घेतलं. तेव्हा मी तिला मांडीवर घट्ट धरून बसले होते. रिपोर्ट चांगला आला.

चांगला आला, म्हणून मी तिसरा डॉक्टर शोधला. लातूरला. आज दुपारी. पुन्हा रक्त घ्यावं लागेल, असं त्यांच्याकडच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. जुईला मी अजून काही बोलले नव्हते.

"मग?" अप्पा म्हणाले. "पुढं कोण?"

"संकरित. वजन भराभर वाढतंय. पण खातातही तेवढं."

"म्हणजे त्याच चांगल्या?"

"तसं सरसकट म्हणता येत नाही, अप्पा. पोटात गेलेल्याच्या हिशेबाने बघितलं तर काही देवणी त्यांच्या बरोबरीला येतात."

"त्यांना देवणीएवढंच घातलं तर?"

"वाळतील."

"आणि देवणीला त्यांच्याएवढं?"

"वाया जाईल. नाहीतर पोट बिघडेल. दोघींना एका मापाने घालून चालतच नाही."

माझा आवाज छान लागला होता. घरात तो असा लागत नाही.

तेवढ्यात व्यंकटमामा गुळाचं पाणी घेऊन आले. गोठ्याचं सगळं तेच बघतात. शेवरीवर त्यांचा जीव. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या देवणीला इकडे शेवरा म्हणतात, त्यावरून हिचं नाव शेवरी. ओळीत सगळ्यात लहान हीच. मामा तिच्या आंबोणावर गूळपाणी शिंपडायला वाकले.

"मामा, नको."

"घास दोन घास खाईल, ताई. बारीक आहे लेकरू."

"तिला हवं तेवढं ती खाते. लालूच दाखवून खायला घातलं की तुलना बिघडते. आणि जनावरही बिघडतं."

मामांनी तांब्या मागे घेतला.

"रोज उरवते की ही," अप्पा म्हणाले.

"उरवते."

"मग आजारी असेल."

"आजारी?" मला हसू आलं. "अप्पा, तिची कातडी बघा. डोळे बघा. सोडली की शेपटी वर करून धावत सुटते. मागच्या महिन्याच्या वजनावर तिचं वजन चढलंय, जेवढं चढायला हवं तेवढं. कमी खाऊन नीट वाढतेय, म्हणजे खाल्लेलं तिच्या अंगी लागतंय. पैदाशीला ठेवायची तर मी हिलाच पहिली ठेवीन."

"समोरची तिच्या दीडपट दिसते."

"दिसू दे. शेवरीची तुलना शेवरीशी करायची."

अप्पांनी मान हलवली. 

जुई शेवरीपुढे उकिडवी बसली होती. तिच्या सकाळच्या शिऱ्याची वाटी माझ्या पिशवीत होती. मी ती काढली, वर गुळाचा खडा ठेवला आणि तिच्यामागे जाऊन बसले.

"जुई, एक घास. बघ, वर गूळ आहे."

तिने ओठ मिटले.

"एकच. आत्याकडचं बाळ बघ, कसं सगळं संपवतं."

तिने गूळ तेवढा उचलून तोंडात टाकला आणि पुन्हा शेवरीकडे वळली.

माझ्यामागे कुणीतरी उभं होतं. अप्पांनी वाकून माझ्या हातातली वाटी घेतली. तोलायच्या पाट्या काट्याजवळ ओळीने मांडलेल्या होत्या. ते सावकाश तिकडे गेले आणि शेवरीच्या पाटीशेजारी त्यांनी ती वाटी ठेवली.

"हे तोलायचं राहिलंय," ते म्हणाले.

व्यंकटमामांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या तांब्याकडे.

मी उभी राहिले. काटा माझ्यासमोर होता, वाटीही.

"अप्पा... पोरीचं वेगळं असतं."

"असतं."

"जनावर मला कळतं. शिकलेय मी ते. हिच्याकडे बघितलं की मला काहीच दिसत नाही. नुसती वाटी दिसते."

अप्पा शेवरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिने कान हलवला. जुईने तिच्याकडे बघून आपलं डोकं हलवलं. मग ती हसली आणि गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाऊन परत आली, धापा न टाकता. मी ते बघितलं. रोजच बघते, पण बघताना हातात वाटी असते.

"डॉक्टर काय म्हणाले?" अप्पांनी विचारलं.

"दोघंही म्हणाले, ठीक आहे."

"तुझा विश्वास नाही?"

"आहे... दिवसा असतो."

अप्पा हसले नाहीत. मला वाटलं होतं, हसतील.

उन्हं गोठ्यात शिरली होती. समोरच्या ओळीतल्या संकरित कालवडी कडबा ओढत होत्या, नुसता कुरकुर आवाज. मी पिशवीतला फोन चाचपला. बस चुकली तर दुसरी थेट दुपारनंतर.

"आम्हाला निघायला हवं, अप्पा," मी म्हणाले. "लातूरला तिसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. रक्त तपासायचंय."

"कुणाचं?"

"जुईचं."

अप्पांनी काट्याजवळच्या ओळीकडे बघितलं. पाटी, पाटी, पाटी, वाटी.

"जा," ते म्हणाले. "शेवरीलाही ने."

मामांना हसू आलं, ते त्यांनी उपरण्यात दाबलं. मी पिशवी खांद्याला लावली, खाली ठेवली, पुन्हा उचलली...

जुई उठून उभी राहिली होती. तिने तिचा उजवा हात, मागच्या वेळी सुई टोचलेला, फ्रॉकच्या घडीत लपवला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आमचं बोलणं ऐकून तिला कळलं होतं. तिने शेवरीकडे नीट बघितलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत. मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "शेवरीला मांडीवर कोण धरणार?"