आधी बिल्ला बघ

मोबाईलात जनावरांचा बाजार नवाच भरला, तवाची गोष्ट. फोटोत जनावरं रांगेनं उभी. ज्याच्यावर बोट पडंल त्याचं दूध, दात, खोडी सांगायला मागं एकच पान हुतं. पान लई उतावळं. जनावराच्या कानातला नंबराचा बिल्ला न बघताच हाताला लागंल ते दाखवायचं.

भुरी म्हशीच्या मालकाकडची वैरण सरली हुती. गिऱ्हाईकानं भुरीवर बोट ठेवलं. पानानं दाखवलं, "दूध नाही, लाथा मारतं." गिऱ्हाईक पळालं.

भुरी खवळली. "मुडद्या, ती खोड माझ्या शेजारच्या फोटोतल्या खेचराची! मी उपाशी मरू व्हय?"

"पण उघडलो किती झटक्यात, ते बघ की!"

"झटक्यात दुसऱ्याचं दार उघडून काय उपेग? आधी बिल्ला बघ!"

दुसरं गिऱ्हाईक आलं. पानानं दम धरला, बिल्ला बघितला, मगच उघडलं. सांजंला भुरी नव्या मालकाच्या भरल्या गव्हाणीवर गेली.

खेचर मातर कुरकुरलं, "आधीच बरं हुतं. माझ्या नावावर भुरीचं दूध निघत हुतं."